खांडबाऱ्याला थांबणारं गाणं

कांतीभाईंना इंग्रजीतलं ओ की ठो कळत नाही, आणि इंग्रजी गाण्यांवाचून दुसरं गाणं त्यांनी उभ्या आयुष्यात कधी लावलं नाही.

गायक कोण, गाण्याचं नाव काय, ते कोणत्या देशाचं, हे त्यांना ठाऊक नसायचं. विचारलं तर म्हणायचे, "तुले आंबा खाना शे का झाड मोजनं शे?" पण कपाटात ओळीने लावलेल्या कॅसेटींवर नावं मात्र होती. बॉलपेनने, मोडी वळणाच्या मारवाडी अक्षरात, त्यांनी स्वतः ठेवलेली. एका कॅसेटवर 'सारंगखेडा'. कारण त्या गाण्याच्या सुरुवातीला ढोल असे काही उधळतात, की तिथल्या घोड्यांच्या यात्रेत कोणीतरी घोड्यांचा दोर सोडलाय असं वाटावं. दुसरीवर 'तोरणमाळ'. ते गाणं वळणं घेत घेत चढत जातं आणि वर पोचलं की एकदम गार होतं. आणि एक होतं 'खांडबारा'. एकटी गिटार निघते, जरा वेग घेते, माणूस गायला लागतो, आणि मध्येच सगळं थांबतं. इतका वेळ थांबतं की कॅसेट संपली म्हणून आपण उठावं. तेवढ्यात पुन्हा सुरू. एकेरी रूळ होता तेव्हा पॅसेंजर खांडबाऱ्याला अशीच थांबायची, समोरून दुसरी गाडी येऊन जाईपर्यंत.

त्या थांब्यात कांतीभाईंचं बोट वर जायचं. "आयक, आयक, आते येस!"

आणि यायचं. चाळीस वर्षं तेच गाणं, तोच थांबा; पण दरवेळी ते आल्यावर कांतीभाई असे काही सुटकेचा श्वास टाकायचे, की जणू या वेळी ते येणार नव्हतं.

ही गाणी आता आमच्या गल्लीत वाजत नाहीत. ती मी बंद पाडली. तेच सांगायला बसलोय, पण कांतीभाई कोण ते आधी कळलं पाहिजे. नाहीतर मी काय केलं ते कळायचं नाही.

कांतीभाई म्हणजे नंदुरबारच्या बाजारातले मिरचीचे व्यापारी. आजोबा राजस्थानातून आले, वडिलांनी पेढी वाढवली, आणि कांतीभाई इथेच जन्मून अशी अहिराणी बोलायला लागले की आमच्या पाटलांच्या पोरांनी त्यांच्याकडून शिकावी. घरात मारवाडी, देरासरात म्हणजे त्यांच्या जैन मंदिरात गुजराती, बाजारात अहिराणी. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे. आमची गच्ची आणि त्यांची गच्ची यांच्यामध्ये एक कमरेएवढी भिंत.

वडिलांनी त्यांना बी.कॉम.साठी सुरतेला ठेवलं. तिथे वसतिगृहात त्यांच्या खोलीवर आफ्रिकेत वाढलेला एक गुजराती मुलगा होता. त्याच्याकडे टेप होता, आणि तिकडचा मामा त्याला कॅसेटी पाठवायचा. कांतीभाईंनी त्या वर्षांत अभ्यास किती केला ते सांगता येत नाही. इंग्रजीचा पेपर राहिला तो राहिलाच. वडिलांना अर्धांगवायू झाला आणि शिक्षण सोडून परत यावं लागलं. बापाने पाठवलेली पत्र्याची पेटी पुस्तकांसाठी होती; परत आली ती कॅसेटींनी भरून. गादीवर बसले तेव्हा त्यांना मिशीही धड फुटली नव्हती.

"सुरतले माले सगळं मिळनं," एकदा म्हणाले होते, "फक्त येळ नही मिळना."

हंगामात त्यांची गाणी पथारीवर वाजायची. पथारी म्हणजे गावाबाहेरचं ते मोकळं रान, जिथे ओली मिरची वाळत घालतात. लालभडक जमीन, नजर पोचेल तिथवर. बाया ओळीत बसून देठ खुडायच्या आणि बाभळीच्या खोडाला टेकवलेल्या लाकडी डब्यांतून, म्हणजे स्पीकरमधून, कोणीतरी गोरा माणूस जिवाच्या आकांताने ओरडत असायचा. सुरुवातीला बाया हसायच्या. मग त्यांच्या आवडीनिवडी झाल्या. जमनाबाई नावाची एक होती, ती उन्हं चढली की हुकूम सोडायची, "शेठ, तो बोंबल्या लावा. हाई रडकं लावं का हात चालत नहीत."

त्या बोंबल्याचा आवाज खरखरीत, फाटलेला. कांतीभाई त्याच्याबद्दल ठामपणे सांगायचे, "हाऊ गडी पक्का नंदुरबारना शे. घसा दख त्याना. मिरचीना शे."

मी तेव्हा शाळेत होतो. शाळा सुटली की पथारीवर जायचो, शिंकत, डोळे पुसत. मला ती गाणी कळायची नाहीत. पण जगात कुठेतरी काहीतरी मोठं चालू आहे आणि त्याचा आवाज इथवर येतो, एवढं कळायचं. त्या वयात तेवढं पुरतं. पुढे मी पाटबंधारे खात्यात चिकटलो, कालव्यांच्या फायलींवर शेरे मारत आयुष्य काढलं. पण एखादं गाणं कानावर पडलं की नाकात आधी मिरची यायची आणि मग ते वय यायचं.

माझ्या लग्नात कांतीभाईंनी केलेला पराक्रम अजून नातेवाईक सांगतात. वरातीच्या बॅण्डवाल्यांना त्यांनी गुपचूप गाठलं. त्यांना टेप ऐकवून ऐकवून 'खांडबारा' बसवून घेतलं. वरात निघाली. मी घोड्यावर. घोडा ढोलावर नाचणारा, नावाजलेला. क्लॅरिनेटने ती एकट्या गिटारीची सुरुवात धरली आणि घोडा उभाच राहिला. कान टवकारले, मान खाली घातली आणि हलेना. त्यात मधला थांबा आला. सगळा बॅण्ड गप्प. मांडवाच्या दारातून सासरेबुवांचे थोरले भाऊ घाबरून धावत आले. "काय व्हयनं? कोन मरी गयं का?"

कांतीभाई बोट वर करून उभे. "आयक, आयक, आते येस!"

मांडवात बाशिंग बांधून बसलेली शैला, माझी बायको, ते ऐकून खुदकन हसली म्हणे. मला तिनेच नंतर सांगितलं. पुढे आमच्या भांडणात मी ऐन रागात गप्प बसलो, की ती म्हणायची, "उनं खांडबारा." मी बोलणारा माणूस नव्हे. माझे थांबे लांब असायचे. ती वाट बघायची.

तिचं आणि कांतीभाईंचं भिंतीवरून जमायचं. दुपारी चार वाजता पेढीवरून येऊन ते गच्चीवरच्या खोलीत डेक लावायचे, आणि ही वाळलेले कपडे काढता काढता ओरडायची, "कांतीभाई, आवाज थोडा वाढवा! अजून मन्हा कुकरनी शिट्टी आयकू येई ऱ्हायनी!"

"कुकर बदल, वहिनी! त्यानी शिट्टी बेसूर शे!"

मग शैला आजारी पडली. आजार काय, किती दिवस, ते लिहीत नाही. तिला दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवसापासून कांतीभाईंनी डेक बंद ठेवला. आपण होऊन. शैला गेली. दहावं झालं, तेरावं झालं. पाहुणे गेले. मुलगी आपल्या घरी परतली. आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी चार वाजता, पूर्वी कधी नव्हतं इतक्या मोठ्या आवाजात, भिंतीपलीकडून 'खांडबारा' सुरू झालं.

मी पलंगावर पडलो होतो. ते सुरुवातीचे चार सूर ऐकले आणि माझ्या अंगाचा भडका उडाला. या माणसाला काही आहे की नाही? उठलो, गच्चीकडच्या खोलीत गेलो आणि खिडकी धाडकन आपटली. काच तडकली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा. चार वाजले की तेच गाणं, आणि मी उठून खिडकी आपटायची. मी स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. कुठे जात नव्हतो, कोणाशी बोलत नव्हतो. मुलीचा फोन यायचा तर 'बरा आहे' एवढं म्हणून ठेवायचो. दिवसभरात धडपणे करायचो ते एवढं एकच काम, खिडकी आपटणं. असं वर्ष गेलं, दुसरं लागलं. एकदा गच्चीवर समोरासमोर आलो तेव्हा मी म्हणालो, "कांतीभाई, हे बंद करा." ते हसले. मान डोलावली आणि आत गेले. पाच मिनिटांनी 'सारंगखेडा' सुरू.

मग मी त्यांच्या मुलाला फोन केला.

नीलेश सुरतेला असतो, कापडाच्या धंद्यात. कमलाभाभी काही वर्षांपूर्वी गेल्यापासून कांतीभाई इथे एकटेच. तो महिना दोन महिन्यांनी चक्कर मारतो. भला मुलगा आहे, म्हणून तर हे बोलायला जड जातं. मला त्रास होतो, असं त्याला सांगता आलं असतं. ते खरं होतं आणि पुरेसं होतं. पण ते सांगायचं तर का होतो तेही सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, "नीलेश, सगळी गल्ली वैतागली आहे रे. लोक पोलिसांत जायचं म्हणताहेत. मी कसंबसं थोपवून धरलंय."

"काका," तो म्हणाला, "तुम्ही होतात म्हणून बरं."

गल्लीतल्या एकाही माणसाने तक्रार केली नव्हती. गल्ली म्हणजे मी.

कांतीभाई अलीकडे फोन उचलत नाहीत, म्हणून नीलेशने त्यांना आधी गल्ली वैतागल्याचा मेसेज केला, मग रविवारी गाडी घेऊन आला. डबे आणि ॲम्प्लिफायर मागच्या सीटवर टाकून सुरतेला घेऊन गेला. जाताना बापाला नवे कोरे इअरफोन देऊन गेला. मी खिडकीच्या तडकलेल्या काचेतून बघत होतो. कांतीभाई दारात उभे होते, हातात ती वायर घेऊन. गाडी वळली तरी उभेच.

त्यानंतर ते ओट्यावर बसायचे बंद झाले. संध्याकाळी ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची टर उडवणं, हा त्यांचा दुसरा धंदा होता. रिक्षावाल्याला म्हणायचे, "तुन्ही रिक्षा मन्हा बोंबल्यासंगे सुरमां गास रे!" आता ते कानांत वायरी खुपसून, मान खाली घालून, भिंतीच्या कडेने निघून जायचे. कोणी हाक मारली तर वायरीकडे बोट दाखवायचे, म्हणजे ऐकतोय, आता नको. लोक म्हणाले, शेठ म्हातारपणी शिष्ट झाले.

आणि दुपारी चार वाजता मी उठून त्या खिडकीपाशी जायचो. आपटायला काही कारण नसायचं. उभा राहायचो थोडा वेळ. पुन्हा येऊन पडायचो.

भाद्रपद आला. गल्लीच्या तोंडाशी गणपतीचा मांडव पडला, आणि त्याच सुमाराला जैनांची संवत्सरी झाली. त्या दिवशी ते उपास करतात, आणि वर्षभरात कळत-नकळत ज्याला ज्याला दुखावलं असेल त्याची हात जोडून क्षमा मागतात. 'मिच्छामि दुक्कडम्.' हल्ली बहुतेक लोक ते मोबाईलवर चित्र पाठवून उरकतात. कांतीभाई दुसऱ्या दिवशी, पारणं करून, धुतलेला झब्बा घालून, गल्लीत घरोघर निघाले.

मी गच्चीवरून बघत होतो. पहिल्या घरी ते उंबऱ्याबाहेर उभे राहिले, डोळे मिटले, मान वाकवली आणि म्हणाले, "मिच्छामि दुक्कडम्. मन्हा गानासना तुमले भलता तरास व्हयना. मी समजना नही. माफ करा."

त्या घरातल्या सिंधूआक्का गोंधळल्या. "अहो शेठ, कसाना तरास? आमले ते चारना चहा तुमना गानावर लागे! बंद काबरं करं?"

कांतीभाईंनी डोळे उघडले. आक्कांचे हात जोडलेले दिसले. तेवढं बघून ते पुढच्या घराकडे वळले.

दुसऱ्या घरीही तेच. "शेठ, आम्ही कधी काही म्हटलंच नाही!" तिसऱ्या घरी पोरंबाळं हसायला लागली. प्रत्येक घरी माणसं सांगत होती, आमचं काही नाही, आमचं काही नाही. आणि प्रत्येक घरी कांतीभाई मिटल्या डोळ्यांनी माफी मागून, जोडलेले हात बघून, आणखी वाकून पुढे जात होते. मला कळेना. माणूस समोर उभा राहून सांगतोय, मग यांना पटत का नाही?

माझं घर शेवटचं.

मी दार उघडलं. त्यांनी डोळे मिटून सगळं म्हटलं. मी "या ना, आत या" म्हणालो, खांद्याला धरून बसवलं. त्यांच्याकडे बघत उभं राहवेना, म्हणून चहा टाकायला आत गेलो. स्वयंपाकघर समोरच, मध्ये दार नाही. त्यांच्याकडे पाठ करून मी गॅस पेटवला. आधण ठेवलं. आणि त्या निळ्या आचेकडे बघत एकदाचं बोलून टाकलं.

"कांतीभाई, गल्लीनं कोनी काही सांगेल नही. नीलेशले फोन मी करा व्हता. खोटं सांगं मी."

मागून काही आवाज नाही. मला वाटलं, संपलं. चाळीस वर्षांची ओळख संपली. वळून बघितलं तर कांतीभाई भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. चेहरा तसाच, माफी मागून झालेल्या माणसाचा. कानांत वायरी. आणि त्या वायरींचं टोक, मोबाईलला लावायची ती पिन, झब्ब्याच्या खिशाबाहेर लोंबत होती. कशालाच लावलेली नव्हती.

मी समोर जाऊन बसलो, पिन हातात घेतली. त्यांच्या डोळ्यांपुढे धरली.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, पिनकडे बघितलं. पकडलेलं पोर हसतं तसे हसले.

"कोनाले सांगू नको," म्हणाले. "डावा कान कधीना गया. उजवा नावले शे. बजारमां कळनं का शेठ बहिरा शे, ते लोके भाव तोंडवर सांगतीन नी हसतीन मांगे. वायर घाली का लोके समजतस, गानं आयकी ऱ्हायना. शिष्ट म्हनतस. म्हनू दे. बहिरापेक्षा शिष्ट बरा."

"कवयपासून?" मी विचारलं, आणि ते माझ्या तोंडाकडे बघत होते हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

"तीन साल व्हयनात."

तीन वर्षं. शैला जाऊन दोन वर्षं होत होती. म्हणजे ते रोज चारचं गाणं... मी ओरडलोच, "मंग लावस कसाले? तुले आयकू येत नही ते गानं लावस कोना करता?"

"तुन्हा करता," कांतीभाई म्हणाले. जसं काही मी विचारायलाच नको होतं.

मग ते बोलत गेले. "मन्ही कमला गई तव्हय सगळा लोके गोड बोलनात. सालभर गोड. कोनी माले चिडावं नही. कोनी भांडनं नही. गोड आयकी आयकी मानूस घरमां सडी जास, राजू. वहिनी गई नी तू दार लाई बठना. मी गच्चीवरथून दखू. तुन्ही खिडकी बंद. काय करू? बोलता माले येत नही आते, समोरला काय बोलस समजत नही. मंग गानं लावं. डबावर थाळी ठेवस, थाळीमां मिरचीनं बी. बी नाचनं म्हनजे चालू शे. तू उना. लालेलाल. धाडकन खिडकी आपटी. मी म्हनू, चला, आज बी उठना गडी."

चहा उतू गेला. मी उठलो नाही.

"गल्लीले तरास व्हई आसं ध्यानमांच नही उनं," ते म्हणाले. "तुन्हाच इचार करा. चूक व्हयनी."

आता मात्र मला राहवेना. मी त्यांचे दोन्ही दंड धरले आणि बहिऱ्याशी बोलतात तसा ओरडलो, "गल्ली चिडेल नही! कोनीच नही!"

ते माझ्याकडे बघत राहिले. "कोनीच नही?"

"नही!"

चेहऱ्यावर काहीतरी उजळलं आणि लगेच विझलं. हिशेब मांडावा तसं ते हळूच म्हणाले, "मंग नील्या खोटं बोलना? त्याले लाज वाटे का बापनी?"

इथे मला गप्प बसता आलं असतं. गप्प बसणं हे माझं जन्माचं काम. पण बाप पोराबद्दल विचारत होता.

"नील्या नही! मी! मी फोन करा त्याले! गल्लीनं नाव मी सांगं! खोटं बोलनू मी!"

समोरच्या घराचं दार उघडलं. मग शेजारचं. सिंधूआक्कांचा आवाज आला, "कोन वरडी ऱ्हायनं? राजूभो का? राजूभो बोलना?" दोन वर्षांत गल्लीने माझा आवाज पहिल्यांदा ऐकला, तो असा.

"आरे बोंबलस काय," कांतीभाई म्हणाले. "वरडीसन काही उपेग नही. ओठ दखाड माले. हळू."

मी हळू बोललो. एकेक शब्द. ते माझ्या ओठांवर बोट ठेवल्यासारखे वाचत होते. सगळं वाचून झाल्यावर त्यांनी कानांतल्या वायरी काढल्या आणि बोटाला गुंडाळत बसले.

"वाईट करं तू," म्हणाले. "उन्हाळापासून मी ओटावर बठेल नही. लोकेसना तोंडकडे दखू नही. लाज वाटे. तोंडकडे दखं नही ते माले काय समजी?"

मी हात जोडले. "मिच्छामि दुक्कडम्, कांतीभाई." ते शब्द माझ्या तोंडात नवे होते, उच्चारही धड नसावा. पण त्यांना उच्चार कुठे ऐकू येणार होता.

त्यांनी माझे जोडलेले हात बघितले. ते खाली घेतले नाहीत, आणि स्वतःचे जोडलेही नाहीत.

"माफीनं नंतर दखसूत," म्हणाले. "तू ते कोनालेच फोन करत नव्हता. पोरले बी नही. नील्याले तरी करा. काही का व्हयना, बोलना." मग खुर्ची पुढे ओढून, गुडघ्याला गुडघा लागेल असे बसले. "आते माले सांग. वहिनी कशी गई? तू कोनालेच सांगेल नही."

बाहेर लोक जमले होते. दारात सिंधूआक्का उभ्या होत्या, मागे आणखी कोण कोण. त्यांच्यासमोर मला बोलता येणार नव्हतं. कोणासमोरच आलं नव्हतं, मुलीसमोरही नाही. आणि मग मला उमगलं, की या माणसाशी बोलायला आवाज लागतच नाही.

मी नुसते ओठ हलवले.

मी सांगितलं, की शेवटच्या आठवड्यात रोज दुपारी ती घड्याळाकडे बघायची आणि विचारायची, आज गाणं नाही का? मी सांगायचो, कांतीभाईंनी तुझ्यासाठी बंद ठेवलंय. ती म्हणायची, मग सांगा ना त्यांना, लावा म्हणावं. रोज म्हणायची. तुमच्या दारापर्यंत जायला मला किती पावलं होती? पण मी गेलो नाही. घरात असं माणूस, आणि शेजारी गाणी लावा म्हणून सांगायला जायचं? लोक काय म्हणतील, पाहुणे काय म्हणतील. मी तिला म्हणालो, बरं दिसत नाही. ती म्हणाली, बरं. नंतर विचारलं नाही. ती गेली त्या दुपारीही घरात काही आवाज नव्हता. आणि चौदाव्या दिवशी तुम्ही लावलंत. तिने मागितलेलं गाणं मी ऐकत होतो, रोज, चार वाजता. म्हणून खिडकी आपटायचो.

दारातल्या लोकांना काही ऐकू आलं नाही. त्यांना एवढंच दिसलं असेल, की दोन म्हातारे होत चाललेले बापे गुडघ्याला गुडघा लावून बसलेत आणि एक जण नुसतं तोंड हलवतोय.

कांतीभाई माझ्या ओठांकडे बघत होते. डोळे पाणावलेले, त्यामुळे नीट दिसत असेल की नाही कोण जाणे. त्यांनी झब्ब्याच्या बाहीने डोळे पुसले आणि आणखी पुढे वाकले.

"परत सांग," म्हणाले.

त्यांना वाचता आलं नव्हतं, की पुन्हा ऐकायचं होतं, ते मी विचारलं नाही. परत सांगितलं.